तुमच्या नावानं मी काय सोडू, मामा?

मामा, परवा तुमची तेरवी झाली. जेवणं उरकली, पत्रावळी उचलल्या, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सगळे बैठकीत येऊन बसले ते तुमच्या नावानं एकेक वस्तू सोडायला. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी वर्षभर तोंडाला लावायचं नाही, ही रीत तुम्हाला मी काय सांगायची! आजोबांच्या वेळी तुम्ही गूळ सोडला होता आणि दुसऱ्या दिवसापासून चहात साखर दुप्पट करून घेतली होती. तुमच्या प्रकाशनं वांगं सोडलं. मामींनी सीताफळ सोडलं. माझ्या नवऱ्यानं सुपारी सोडतो म्हटल्यावर मला त्या बैठकीतही हसू आलं, कारण तो सुपारी खातच नाही. तुमच्या भाचेजावयाची हिकमत तुम्हाला आवडली असती.

मग मोठी मावशी माझ्याकडं वळली. तुमची थोरली बहीण, तिच्यापुढं तुमचंही काही चालायचं नाही. म्हणाली, "सुमे, तू त्यो दम्याचा पंप सोड. त्या पंपानंच खाल्लं मव्ह्या भावाला. काळीज कमजोर करतो म्हने त्यो. भावाच्या नावानं सोडलास तर तू तरी वाचशील."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना तसंच वाटत होतं. तुम्ही गेलात त्याच दिवशी मामींनी ओवीचा पंपही फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकून दिला, हे मला तेरवीला आल्यावर कळलं. तुमची आठ वर्षांची नात, प्रकाशची पोर, जिला तुम्ही स्वतः परभणीला नेऊन इलाज सुरू केला, ती तेव्हा दाराच्या कोपऱ्यात फ्रॉकच्या टोकानं तोंड दाबून खोकत होती. तिच्या छातीतली शिट्टी मला बसल्या जागी ऐकू येत होती. त्या शिट्टीशी आपली दोघांची ओळख जुनी.

मी म्हटलं, "मावशी, मी काहीच सोडणार नाही." मावशीनं पदर डोळ्यांना लावला, आणि मेलेल्या मामाची हिला किंमत नाही, असं सगळ्यांच्या चेहऱ्यांवर उमटलं. पुढं काय झालं ते सांगतेच. पण मी नाही का म्हटलं, हे त्या बैठकीत कुणाला समजावणार होते? ते कळणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याच फोटोला हार घातलेला होता.

दमा माझ्याकडं तुमच्या बाजूनं आला. 'नाक बापाचं, दम मामाचा' असं आई म्हणायची, म्हणजे दोन्हींत तक्रारच. आमच्या गावाहून चारठाण्याला देवदर्शनाला गेलो की बाकीच्या पोरी जुन्या देवळांभोवती पकडापकडी खेळायच्या आणि मी पायरीवर त्यांच्या चपला राखत बसायची. एकदा तुम्ही आला होतात. मोठी माणसं गाभाऱ्यात गेली तरी तुम्ही माझ्या शेजारी पायरीवर टेकलात. मला वाटलं, मामा माझ्यासाठी थांबले. मग पाहिलं तर तुमचेही खांदे माझ्यासारखेच वरखाली होत होते. "आपून दोघं चपलाचे राखणदार," तुम्ही म्हणालात. त्या वयात मला त्याचा केवढा आधार वाटला, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आजारात सोबत मिळाली की आजार निम्मा होतो, असं काही म्हणणार नाही मी. शिट्टी तेवढीच वाजायची. पण ती माझ्या एकटीची राहिली नाही.

तेव्हा माझ्यावरचे इलाजही आठवतात. दही नको, केळ नको, पेरू नको, थंड पाणी नको, पळू नको. दर कोजागिरीला खिरीतून कुठलंतरी औषध. 'बाळदमा हाय, मोठी झाली की जाईल,' असं सगळे सांगायचे. मी मोठी झाले, तो काही गेला नाही. उलट मोठेपणी आणखी 'नको' वाढले, आणि मी इतकी शहाणी की कुणी सांगायच्या आत एकेक गोष्ट स्वतःच टाकून द्यायची.

तुम्ही तर दमा घेऊन मोंढ्यात, धान्याच्या लिलावात उभे होतात. मानवतच्या मोंढ्यातली हर्रास ज्यानं ऐकली नाही त्याला कळायचं नाही की आवाज म्हणजे काय चीज असते. तुरीच्या, सोयाबीनच्या राशींमधून तुम्ही पुढं आणि मागून खरेदीदारांचा घोळका. एकेका राशीपाशी थांबून तुम्ही बोली पुकारायचे, आणि हवेत भुशाची धूळ इतकी की समोरचा माणूस पिवळा दिसायचा. दम्याच्या माणसानं पोटापाण्यासाठी निवडायचा हा धंदा नव्हे. खिशात तो निळा पंप. दोन राशींच्या मध्ये पाठ फिरवून एक फवारा मारायचा आणि पुन्हा पुकारा. व्यापारी म्हणायचे, किसनराव बॅटरी भरून घेतायत.

माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी तुम्ही मला आणि आईला परभणीला छातीच्या डॉक्टरांकडं नेलंत. तो दवाखाना, ती नळी, तिच्यात सगळा जीव एकवटून फुंकर मारायची आणि काटा जिथल्या तिथंच! डॉक्टरांनी विचारलं, त्रास काय होतो? आई झटकन म्हणाली, "आता तसा काई त्रास न्हाई, साहेब. संभाळून ऱ्हाती ती." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "त्रास नाही हे कळलं. त्रास होऊ नये म्हणून काय काय सोडलंय, ते सांगा."

कुणी मला असं विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. झाडलोट सोडली, हुरड्याला जाणं सोडलं, फुगडी सोडली. कॉलेजातला वरच्या मजल्यावरचा विषय मला आवडायचा, तो जिन्यापायी सोडला आणि खालच्या मजल्यावरचा घेतला. रात्री पोटभर जेवणं सोडलं. मोठ्यानं हसणं सोडलं, कारण हसता हसता खोकला लागायचा. आई माझ्याकडं बघतच राहिली. एका घरात राहून तिला यातलं अर्धंही माहीत नव्हतं. तुम्ही सुपारी चघळायचं थांबला होतात.

डॉक्टर म्हणाले, आमच्या इलाजाच्या नियमात दमा ताब्यात आहे असं कधी म्हणायचं? तर माणूस रात्रभर झोपतो, पळतो, हसतो, कामाला जातो, आणि तरी दम लागत नाही. सगळं सोडून घरात बसून दम लागत नसेल तर दमा ताब्यात नाही, माणूस दम्याच्या ताब्यात आहे. मग त्यांनी रोज घ्यायचा पंप लिहून दिला. आईला रडूच फुटलं. पंप म्हणजे शेवटचा इलाज, पंपाची सवय लागते, पंपवाल्या पोरीला कोण करील! तुम्ही म्हणालात, "ताई, करायचं मागून बघू. आदी तिला दम तर घेऊ दे."

महिनाभरात मी जिना चढले. त्या वरच्या मजल्यावर कॉलेजचं ग्रंथालय होतं, आणि मी आज गंगाखेडच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे ती त्या जिन्यामुळं. दम्याची बाई पुस्तकांच्या धुळीत नोकरी करते, म्हणजे भाची मामाच्या वळणावर गेली, असं तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचे.

पण डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचं तुम्हाला जे वेड लागलं, ते मात्र अतीच होतं, मामा. मोंढ्यात ज्याला त्याला धरून विचारायला लागलात, "काय काय सोडलं?" दमा असो नसो. एका हमालानं तर सांगितलं, "आवं, सोडायसारकं व्हतंच काय आपल्यापाशी?" आडत दुकानाच्या मालकाला तुम्ही विचारलंत आणि त्यांना वाटलं तुम्ही दारूबद्दल बोलताय, ते चार दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. तरी त्या नादात तुम्ही दोघा-तिघांना परभणीच्या दवाखान्यात नेलंत, आणि त्यातला एक अजूनही मला रस्त्यात दिसला की तुमची तब्येत विचारतो. त्याला आता सांगावं लागेल.

आणि मग आपलं भांडण. ते मिटलंच नाही.

मला पाहायला सेलूकडची मंडळी आली होती. आदल्या दिवशीच घरात ठरलं होतं की पंपाचं नाव काढायचं नाही, आणि आईनं माझा पंप पिठाच्या डब्यामागं दडवला. बैठकीत शुभ म्हणून मूठभर उदबत्त्या लावलेल्या. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले तेव्हाच माझा दम चढायला लागला होता. मुलाच्या काकांनी विचारलं, पोरीला काही दुखणंबिखणं? बाबा म्हणाले, "छे, ठणठणीत हाय." आणि तुम्ही, माझ्या खांद्यांकडं बघत, सदऱ्याच्या खिशातून आपला निळा पंप काढलात. झटकलात. सगळ्यांसमोर तोंडात धरून ओढलात, दम रोखून बोटं मोजत बसलात. पाहुण्यांचे चमचे हवेत थांबले. मग सावकाश श्वास सोडून म्हणालात, "आमच्यात हे दोघाला हाय. मला आन् हिला. इलाज चालू हाय, पोरगी कामाला कुनाला ऐकायची न्हाई. पर हाय. सुमे, जा, तुजा घे जाऊन."

मी आत गेले. पिठाच्या डब्यामागून पंप काढला, घेतला. दम मोकळा झाला आणि रडू कोसळलं, दोन्ही एकदमच. मंडळी गोड बोलून गेली आणि गोड बोलूनच नकार कळवला. बाबांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. आणि मी तुमच्याशी भांडले.

"मला विचारायला पाहिजे होतं तुम्ही."

"तुला इचारलं असतं तर न्हाई म्हनली असतीस."

"मग नाही म्हणायचा माझा हक्क होता. दम माझा, लग्न माझं."

"आन् तितं जाऊन पंप कुटं लपिवला असतास? त्येंच्या पिठाच्या डब्यामागं?"

पुढं कितीतरी दिवाळ्यांना, भाऊबिजेला तुम्ही आईकडं आलात की जेवणानंतर हेच भांडण निघायचं. तुमचं म्हणणं एकच की काम झालं ना. माझं म्हणणं एकच की विचारलं नाही ना. मी आजही तेच म्हणते. तुम्ही बरोबर केलंत, आणि तरी मला विचारायला हवं होतं. ह्या दोन्ही गोष्टी एका पोटात मावतात, हे मला फार उशिरा कळलं.

कारण वर्षभरानं मला पाहायला जो आला, आज माझा नवरा आहे तो, सगळं ऐकूनच आला. सेलूच्या नकाराची गोष्ट चार गावांत फिरली होती. त्याला पाहुणा म्हणून बसवलं तर म्हणाला, "मला तुमच्या मामांना भेटायचंय." माझा सगळा संसार त्या एका फवाऱ्यानंतरचा आहे, मामा. सासरी पंप माझ्या फणीशेजारी उघडा असतो. लग्नात तुम्ही मला मांडवात घेऊन आलात आणि गुरुजींना दम भरलात, "महाराज, मंत्र लागंल तितके म्हना, धूर तेवडा कमी करा." गुरुजींनी होमातल्या समिधा निम्म्या केल्या. आमचं लग्न निम्म्या धुराचं, असं नवरा अजून म्हणतो.

गंगाखेडला कारखान्याचं गाळप सुरू झालं की हवेत काजळी येते, अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात. त्या दिवसांत औषध वाढवायचं, हंगाम संपला की डॉक्टरांना विचारून कमी करायचं, हे माझं ठरून गेलेलं. तुमचा मात्र रविवारी फोन आला की मला कळायचं, तुम्ही फक्त त्या दम लागल्यावर ओढायच्या निळ्या पंपावर आहात. दोन वाक्यांमध्ये तुमचा श्वास मला ऐकू यायचा. दुसऱ्यांना शहाणपण सांगायचं आणि आपण कोरडं राहायचं, यात तुमचा हात कुणी धरला नसता.

मग इलाजाचे नियम बदलले. डॉक्टरांनी तुम्हाला स्पष्ट सांगितलं, आता नुसता निळा पंप नको. तो श्वासनळी तात्पुरती उघडतो, पण आतली सूज तशीच राहते, आणि एक दिवस दगा होतो. रोजचा पंप घ्या. तुम्ही दवाखान्यातून थेट मला फोन केलात, इतके चिडलेले.

"नियम बदलायलेत म्हंजे आदी चुकलं व्हतं का त्येंचं? ह्या निळ्यानं मला इतकी वर्सं संभाळलं."

"मोंढ्यात भाव बदलतो तेव्हा काल चुकलं होतं म्हणता का?"

"भाव माल बगून बदलतो."

"हेही माणसं बघूनच बदललंय, मामा."

"बरं असताना औशद घ्यायचं म्हंजे भरल्या पोटी जेवायचं."

"पत्रे उन्हाळ्यात टाकतात. पाऊस आल्यावर छपरावर चढत नाहीत."

तुम्ही म्हणालात, लायब्ररीत बसून तोंड लय चालायलंय तुझं, आणि फोन ठेवलात. असे किती रविवार गेले! एका रविवारी मात्र मला काय सुचलं कोण जाणे. तुमचं 'तब्येत कशी हाय' संपायच्या आत मी विचारलं, "मामा, तुम्ही काय काय सोडलं?"

"मी? काय न्हाई."

मागून मामींचा आवाज आला, "खोटं बोलायलेत गं सुमे. हर्रास सोडली त्येंनी. पोराला उबं करतेत. लोकायला सांगतेत, घसा बसलाय. आन् खुर्चीत बसून झोपतेत, आडवं व्हऊन न्हाई झोपले किती दिवस झाले."

जो माणूस साऱ्या मोंढ्याला विचारत फिरला, त्यानं आपला आवाज सोडला होता आणि तो घसा बसल्याच्या नावावर खपवला होता. मला राग आला नाही, मामा. भीती वाटली. मी एवढंच म्हटलं की माझ्यासाठी तीन महिने घेऊन बघा, नंतर काय ते भांडू.

तुम्ही घेतलात. 'तुज्या तोंडाकडं बगून घेतो' असं उपकार केल्यासारखं म्हणत घेतलात, पण घेतलात. आणि दसऱ्याला नव्या मालाचा मुहूर्त होता तेव्हा मला फोन करून बोलावलंत. काही कारण सांगितलं नाहीत. मी मानवतला पोचले तर मोंढ्यात राशीला हळदकुंकू लावलेलं, नारळ फुटलेला, आणि मुहूर्ताची बोली पुकारायला प्रकाश नाही, तुम्ही उभे. तोंडाला उपरणं बांधलेलं, धुळीसाठी, जे बांधा म्हणून मी कितीदा सांगून थकले होते. ते खाली ओढलंत आणि पुकारा केलात. पहिला आवाज जरा फाटला. दुसरा नाही. आडतीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. घोळक्यातला एक म्हातारा व्यापारी म्हणाला, "आलं बगा किसनराव." पुकारा संपल्यावर तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, आणि मी मोठ्यानं हसले, तिथं मोंढ्यात, बाईमाणसानं हसू नये तशी. खोकला आला नाही. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत फार वरचा आहे, आणि तो तुम्ही मला दिलात.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही ओवीला घेऊन परभणीला गेलात. "ही आपली तिसरी राखनदार," फोनवर म्हणालात, "पर हिला चपला राखू द्यायची न्हाई." ओवीला तिचा पंप, त्याला लावायचा तो पारदर्शक डबा, सगळं तुम्हीच शिकवलंत. संध्याकाळी आजोबा-नात समोरासमोर बसून घ्यायचे. तुम्ही तिच्याशी पैज लावायचे, कोण जास्त वेळ दम धरतो, आणि मुद्दाम हरायचे.

आणि तुम्ही गेलात. झोपेत. हृदय बंद पडलं, असं गावातल्या डॉक्टरांनी सकाळी येऊन सांगितलं. मी परभणीच्या डॉक्टरांनाही फोन केला. खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली होती; मीच तर तुमच्या मागं लागले होते ना. ते म्हणाले, त्या पंपानं हृदय बंद पडत नाही. उलट नुसत्या निळ्यावर राहिले असते तर यांना दम्यानं कधीच ओढून नेलं असतं. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा नीट रडले. पण लोकांना काय, त्यांना हाताला लागेल असा गुन्हेगार पाहिजे. वर्षानुवर्षं दम कोंडून बसलेला माणूस रोजचा पंप घ्यायला लागला आणि गेला, म्हणजे पंपानंच गेला. प्रकाशला कुणीतरी मोबाइलवर स्टिरॉइडबद्दल कायकाय पाठवलं होतं, तो तेच वाचत बसलेला. बाप गेलेल्या पोराशी काय वाद घालणार?

मामींनी मात्र मला वेगळंच सांगितलं. तेरवीच्या सकाळी, कणीक मळता मळता. म्हणाल्या, "आडवे झोपले व्हते गं. कुशीवर. हात उशाखाली. मला वाटलं, झोपू द्यावं आज निवांत, म्हनून उटवलं न्हाई." जे खुर्चीत बसून रात्र काढायचे ते गादीवर पाठ टेकून, कुशीवर वळून गेले. माझं दुःख आणि माझा आनंद त्या एकाच कुशीत आहेत, मामा. कुणासमोर आनंद म्हणायचीही चोरी.

तर बैठकीत मी नाही म्हटलं ते यासाठी. आपल्या दोघांचं अर्धं आयुष्य सोडण्यातच गेलं. जे सोडलं ते एकेक करून परत मिळवलं, जिना, हुरडा, हसणं, पुकारा, पाठ टेकून झोप. तुमच्या नावानं मी आणखी काय सोडू?

मावशीचं रडणं चालू होतं आणि कोपऱ्यात ओवीचा खोकला वाढत होता. ओवीच्या आईनं तिला जवळ घेतलं, पाठ चोळली. माझा हात पर्सकडं गेला. वाटलं, तुमच्या जागेवर मधोमध बसावं, पंप काढावा आणि सगळ्यांसमोर ओढावा. बघू देत सगळ्यांना. तुम्ही असतात तर तेच केलं असतंत. पण मग ओवी माझ्याकडं बघत होती, आणि मला आठवण झाली की दम तिचा आहे.

मी म्हटलं, "ओवी, पंप घ्यायचाय का तुला?"

तिनं आजीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. मग मान हलवली. "घ्यायचाय. पर हितं न्हाई. आत."

बघा मामा, विचारलं की असं होतं! तिला तुमच्यासारखं बैठकीत मिरवायचं नव्हतं, आणि माझ्यासारखं लपवायचंही नव्हतं. तिला फक्त दम घ्यायचा होता, शांतपणे, दार लोटून. एवढं एक वाक्य ऐकायला तुम्ही पाहिजे होतात. भांडण मी जिंकले असं म्हणत नाही. पण तुम्ही पाहिजे होतात.

प्रकाश उठला. कुणाकडं न बघता त्यानं स्टूल ओढलं, माळ्यावर हात घातला आणि ते फडकं खाली काढून माझ्या हातात दिलं. "मला काई कळंना झालंय, ताई," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, उद्या तू आणि मी हिला घेऊन परभणीला जाऊ, तुला काय विचारायचं ते डॉक्टरांनाच विचार. तो बरं म्हणाला. मावशी भिंतीकडं तोंड करून बसली.

आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांवर आम्ही दोघी बसलो. ओवीनं तिचा रोजचा पंप, ज्यात लगेच दम मोकळा करणारं औषधही असतं, तो झटकला, डब्याला लावला, तोंड लावून श्वास ओढला. मीही माझा काढून घेतला, तिला सोबत म्हणून. थोड्या वेळानं पुन्हा एकदा, तशीच. शिट्टी हळूहळू पातळ झाली. तिचे खांदे खाली आले. दोन आठवडे ते लेकरू खांद्यांनी श्वास घेत होतं, आणि घरात कुणी जेवायचं थांबलं नव्हतं.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. मामी होत्या. मला वाटलं, आता रागावणार, पंप काढून घेणार. माळ्यावर टाकला तो त्यांनीच. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. रोजचा पंप घेतला की चूळ भरावी लागते, नाहीतर औषध तोंडात राहून तोंड येतं. हे मी ओवीला सांगायचंच विसरले होते.

"चूळ भर, माय," मामी म्हणाल्या. "त्येंला बी रोज मीच देत व्हते पानी."

ओवी मोरीत जाऊन चूळ भरून आली. मामींनी तिच्या हातातून पंप घेतला, पदरानं पुसला, घटकाभर तसाच धरून उभ्या राहिल्या. मग माळ्याकडं एकदा पाहिलं, आणि तो माठाशेजारच्या खालच्या फळीवर ठेवला, ओवीचा हात पुरेल असा.